लोअर आर्मचा बोल्ट सुटता का सुटत नाही

सस्पेन्शनच्या कामात नवीन पार्ट बसवणं सोपं असतं, जीव जातो तो जुना काढताना. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात गिऱ्हाईक बाहेर खुर्चीवर बसून घड्याळ बघतंय आणि आत मिस्त्री एकाच बोल्टला पाइप लावून लोंबकळतोय, तर तो टाइमपास करत नाहीये. बोल्ट जाम झालाय, आणि जाम होणं म्हणजे नुसतं घट्ट बसणं नाही.

लोखंड गंजलं की फुगतं. कोरडा तांबडा गंज मूळ लोखंडाच्या साधारण दुप्पट जागा घेतो, पाणी धरून बसलेला तर तीन-चार पट. नट आणि बोल्टच्या आट्यांमधे फट असते केसा-दोन केसांएवढी, तिथं पाणी केशाकर्षणानं आपोआप आत ओढलं जातं आणि मग लवकर वाळतच नाही. इगतपुरी-कसारा पट्ट्यातला पाऊस अंगावर घेत रोज मुंबई रोडला पळणाऱ्या गाडीचं खालचं अंग महिनोन्महिने ओलं राहतं. फुगलेल्या गंजाला जायला जागा नाही, म्हणून तो पाचर ठोकल्यासारखा दोन्ही बाजू दाबून धरतो.

त्यात बोल्टचं मूळ गणितच उफराटं आहे. घट्ट करताना आपण जो जोर लावतो त्यातला जवळपास ९० टक्के घर्षणात जातो, निम्मा डोक्याखाली आणि बाकीचा आट्यांमधे, खरी पकड येते ती उरलेल्या १० टक्क्यांतून. म्हणजे गंजानं घर्षण जसं वाढतं तसा सोडवायचा जोरही वाढत जातो, आणि मग बोल्टच्या आधी डोकं गोल होतं नाहीतर दांडाच पिळून तुटतो.

लोअर आर्मची, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याची, गंमत वेगळीच. तिथं बोल्ट रबरी बुशच्या आतल्या स्टीलच्या नळीतून आरपार जातो, आणि नट अगदी सहज निघाला तरी बोल्ट त्या नळीला आतून चिकटलेला असतो. पाना फिरवला की वाटतं सुटला, पण नळीच बोल्टबरोबर फिरत असते, रबर पिळतं आणि सोडलं की परत जागेवर. हे एकदा ओळखलं की मग उगाच जोर लावत बसू नये, तसंही बुश बदलायचंच असतं, त्यामुळे ब्रॅकेट आणि बुशच्या मधे ब्लेड घालून बोल्ट कापणं हाच शहाणपणा.

आता तेल. डब्ल्यूडी-४० हे नाव सगळ्यांना पाठ आहे, १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला बनलं ते मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाचा फॉर्म्युला. जाम बोल्टसाठी खास पातळ, झिरपणारी तेलं मिळतात ती जास्त बरी. पण कुठलंही तेल मारून लगेच पाना लावण्यात अर्थ नाही, कारण ते त्याच केसाएवढ्या फटीतून हळूहळू आत सरकतं. रात्रभर मुरू द्या, मधेमधे हातोडीनं ठोका, हादऱ्यानं गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. इम्पॅक्ट गन पण हेच करते, धक्क्यांनी गंज फोडते. आधी किंचित घट्ट बाजूला आणि मग उलटं, असं मागेपुढे केलं तरी गंजाचा चुरा होतो.

तेलानं जमलं नाही तर गॅसची ज्योत. १२ मिलीमीटरचा नट ३०० अंशांनी तापवला की त्याचं भोक जेमतेम ०.०४ मिलीमीटरनं मोठं होतं, ऐकायला काहीच नाही, पण फटच तेवढी आहे ना! शिवाय नट आधी तापतो, बोल्ट मागून, तेवढ्या वेळात गंज तडकतो. जुने मिस्त्री तापलेल्या नटला मेणबत्ती टेकवतात, वितळलेलं मेण आत शोषलं जातं, आणि ही युक्ती खरंच चालते. फक्त शेजारचं रबर, ब्रेकचा होज आणि बॉल जॉइंटचं ग्रीस सांभाळा, ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर ज्योत नेऊच नका, क्लोरीनवाला क्लीनर असेल तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. लाल केलेला बोल्ट परत वापरायचा नाही, त्याची ताकद गेलेली असते.

डोकं गोल झालं असेल तर आधी सहा कोनांचंच सॉकेट, बारावालं नाही, कारण सहावालं कोपऱ्यावर न टेकता सपाट बाजूला धरतं. तेही सटकलं तर डोक्यावर नवीन नट वेल्ड करा, पकडायला जागा मिळते आणि तापवणंही होऊन जातं. इझी आउटवर, म्हणजे तुटलेल्या बोल्टमधे घुसवून तो बाहेर काढायच्या हत्यारावर, माझा फारसा भरवसा नाही, ते कडक पण ठिसूळ असतं, आत तुटलं की साधा ड्रिल त्याला चरत नाही.

निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या पिकअपांना अजून एक ताप. द्राक्षांवर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला की मोरचूद लोखंडावर तांबं चढवतो, विळा बुडवून बघतात ते याचसाठी, आणि तसलं पाणी चेसिसवर सांडलं तर तांब्याच्या सोबतीनं लोखंड अजून जोरात गंजतं.

नवीन बोल्ट बसवताना नळीत जाणाऱ्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, आट्यांना कंपनीनं सांगितलं असेल तरच, कारण वर सांगितलेलं घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला, म्हणजे पान्यानं पिळायच्या त्याच जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो. आणि शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी असतानाच, हवेत लटकत असताना घट्ट केलं तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवाकोरा बुश लवकरच फाटतो.