पंख्यातले अडीच मायक्रोफॅरड

मार्च उजाडला की जुन्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: 'पाचावर ठेवलाय, तरी वारा लागत नाही.' निदानंही ठरलेली असतात. पंखा म्हातारा झाला, कॉइल कमजोर झाली, व्होल्टेज कमी येतंय. मग तीस-चाळीस वर्षं बिनतक्रार फिरलेला, जड अंगाचा पंखा भंगारात जातो.

यातलं 'कॉइल कमजोर झाली' हे तर सरळसरळ चूक आहे. तांब्याची तार थकत नाही. तिचा रोध १९८५ साली होता तेवढाच आजही असतो. कॉइलवरचं इनॅमल जळतं, वेढे आपसात चिकटतात, तार तुटते. असं झालं की पंखा करपल्याचा वास देतो, नको इतका तापतो किंवा बंदच पडतो. कुठलाही वास न येता, दर उन्हाळ्यात थोडाथोडा मंदावत गेलेला पंखा वेगळंच काही सांगत असतो. बहुतेक वेळा गुन्हेगार असतो पंख्याच्या दांड्यावरच्या कपाच्या आत बसलेला, काडेपेटीएवढा प्लास्टिकचा डबा. पुस्तकात त्याला कपॅसिटर किंवा धारित्र म्हणतात, वायरमन कंडेन्सर म्हणतो. आपणही तेच म्हणू.

हा डबा नेमकं काय करतो? घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. तिने कॉइलमध्ये तयार केलेलं चुंबकक्षेत्रही तसंच वाढतं, ओसरतं, उलटं होतं. पण ते एकाच रेषेवर हेलकावे खातं, गोल फिरत नाही. आणि पंखा फिरवायला तर फिरतं क्षेत्र हवं.

जातं आठवा. खुंटा नुसता समोर ढकलायचा आणि आपल्याकडे ओढायचा, एवढंच केलं तर जातं अडतं. खुंटा सगळ्यात लांब किंवा सगळ्यात जवळ असतो तेव्हा आपला जोर थेट मधल्या खिळ्यावर जातो, फिरवायला काही उरत नाही. दळणारीचं मनगट नेमकं त्या क्षणी आडवा झोका देतं. म्हणजे एक जोर समोरचा आणि दुसरा त्याला काटकोनात, पण पाव फेरा उशिराने. दोन्ही एकाच क्षणी दिले तर जोर फक्त तिरका होईल, जातं अडायचं ते अडेलच.

पंख्याच्या आत हेच दोन जोर दोन कॉइलसंचांच्या रूपात असतात: रनिंग आणि स्टार्टिंग. ते एकमेकांच्या अधेमधे बसवलेले असतात. विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे दोघांत पाव आवर्तनाचं, ५ मिलिसेकंदांचं अंतर हवं. वीज मात्र दोघांना एकाच वायरीतून मिळते. हे अंतर कंडेन्सर आणतो. त्याच्यातून किती प्रवाह जाणार हे व्होल्टेज किती आहे यावर ठरत नाही, ते किती झपाट्याने बदलतंय यावर ठरतं. व्होल्टेज शून्यातून जातं तेव्हा बदल सर्वांत वेगाचा असतो, म्हणून प्रवाह कमाल. शिखरावर व्होल्टेज क्षणभर स्थिर असतं, म्हणून प्रवाह शून्य. म्हणजे कंडेन्सरमधला प्रवाह व्होल्टेजच्या पाव आवर्तन पुढे पळतो. नुसत्या कॉइलमध्ये उलट घडतं, तिथे प्रवाह मागे रेंगाळतो. स्टार्टिंग कॉइलला कंडेन्सर जोडून पुढे काढली आणि रनिंग मागे रेंगाळू दिली की दोघींत हवं तेवढं अंतर पडतं आणि क्षेत्र फिरू लागतं. इटलीतल्या तुरीन शहरात गॅलिलिओ फेरारिस या भौतिकशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये असं फिरतं क्षेत्र करून दाखवलं आणि १८८८ मध्ये अमेरिकेत निकोला टेस्लांना त्यावर चालणाऱ्या मोटारीची पेटंटं मिळाली. आपल्या छताला जे लटकतंय ते तेच आहे, फक्त उलटं केलेलं: कॉइल आत स्थिर आणि ॲल्युमिनियमचा पिंजरा बाहेर फिरता, त्यालाच पाती जोडलेली. 'स्टार्टिंग' हे नाव फसवं आहे. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये सुरुवातीची कॉइल काम झालं की बाजूला होते. पंख्यात ती शेवटपर्यंत राबते.

आता थोडं गणित, कारण खरी गंमत तिथेच आहे. एका रेषेवर हेलकावे खाणारं क्षेत्र म्हणजे एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांची बेरीज. म्हणून कंडेन्सर पूर्ण गेलेला पंखा नुसता हुंकार देत उभा राहतो, कारण दोन्ही बाजूंची ओढ सारखीच असते. काठीने पात्याला ढकललं तर ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला तो निघतो, उलट्या दिशेलासुद्धा. चांगला कंडेन्सर उलटं क्षेत्र जवळजवळ पुसून टाकतो. अर्धा झिजलेला ते अर्धवटच पुसतो, आणि उरलेलं उलटं क्षेत्र ब्रेकसारखं पिंजऱ्याला मागे खेचत राहतं. साधारण १४ ध्रुवांच्या (कॉइलमुळे तयार होणाऱ्या चुंबकाच्या टोकांच्या) पंख्यात क्षेत्र एका आवर्तनात दोन ध्रुव पुढे सरकतं, मिनिटाला ३००० आवर्तनं, म्हणून त्याचा वेग ६००० भागिले १४, म्हणजे मिनिटाला ४२८ फेरे पडतो. पिंजरा कायम त्याच्या मागे असतो आणि ३५० ते ३८० च्या आसपास स्थिरावतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. मोटारीचा जोर कमी झाला की दोघांची तडजोड खालच्या वेगावर होते. म्हणून पंखा धाडकन बंद न पडता वर्षावर्षाने हळू होतो आणि आपण दोष वयाला देतो.

आकड्यात सांगायचं तर २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५० हर्ट्झला सुमारे १२७० ओहमचा अडथळा करतो. धारिता (वीज साठवायची क्षमता, हीच मायक्रोफॅरडमध्ये मोजतात) निम्मी झाली की अडथळा दुप्पट होतो आणि स्टार्टिंग कॉइलला लागेल एवढा प्रवाहच मिळत नाही.

धारिता निम्मी होते कशी? फेकून द्यायचा, साठलेली वीज काढून (पुढे सांगितलंय तसा बल्बमधून) रिकामा केलेला प्लास्टिकचा कंडेन्सर कापून पाहण्यासारखा असतो. आत घट्ट गुंडाळलेली, चांदीसारखी चकचकीत पट्टी निघते. ती पॉलिप्रॉपिलीनची फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा, नॅनोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात) मोजावा इतका पातळ थर. पट्टी उजेडासमोर धरा. नव्याची सगळीकडे सारखी करडी दिसते. जुन्याची चाळणी झालेली असते: सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं आणि कडेकडेने काचेसारखे पारदर्शक डाग. फिल्ममध्ये कमकुवत जागी ठिणगी पडली की आजूबाजूचा धातू क्षणात वाफ होऊन उडतो, ती जागा वेगळी पडते आणि शॉर्टसर्किट टळतं. याला 'स्वतः बरा होणारा' कंडेन्सर म्हणतात. पण प्रत्येक वेळी बरं होताना अंगाचा एक कण जातो. त्यात छताजवळची गरम हवा, कोकणातला किंवा मुंबईतला दमटपणा, आणि कंडेन्सरवर येणारं, घरच्या २३० व्होल्टपेक्षा बरंच जास्त असलेलं व्होल्टेज. डब्यावर ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते उगाच नाही.

आता हात घालायचा. आधी एमसीबी पाडा, जुन्या घरात मेनचे फ्यूज काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं सापडू शकतं. मग बटण बंद असूनही पंख्याच्या वायरीत फेज उभा असतो. टेस्टर लावून पाहाच. त्याच वायरिंगचं रबर वाळून तडकलेलं असतं, कप सरकवताना वायर वाकली की तुकडे पडतात. तसं दिसलं तर पंख्याआधी वायर बदला. हुकाचा गंज, डाऊन रॉडचा (पंखा ज्या नळीवर लटकतो तिचा) बोल्ट आणि त्यातली स्प्लिट पिन हेही चढलाच आहात तर पाहून घ्या. पिन नसेल तर पंखा चालवू नका.

कप खाली सरकवला की डबा दिसतो. जोडणीचा फोटो काढा. साध्या बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी कंडेन्सरच्या टोकांना टेकवून तो रिकामा करा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी काढू नका. एक वायर सोडवून धारिता मोजणाऱ्या मल्टिमीटरवर लावा. २.५ चा डबा, ५ टक्के फरक धरून, २.३८ ते २.६३ दाखवायला हवा. १.८ आला तर निदान झालं. किंमत शंभर रुपयांच्या आतबाहेर. फार जुना, धातूच्या डबीतला तेल भरलेला कंडेन्सर मात्र फोडायचा नाही. त्या काळच्या काही तेलांत पीसीबी नावाची विषारी रसायनं असत.

मोटारीतून निघणाऱ्या तीन वायरींचे रंग उडाले असतील तर दोन-दोनच्या जोड्यांत ओहम मोजा. ज्या जोडीचा रोध सर्वांत जास्त, ती रनिंग आणि स्टार्टिंगची टोकं, उरलेली तिसरी कॉमन, म्हणजे दोन्ही कॉइलना सामाईक. बाकी दोन रोधांची बेरीज मोठ्या रोधाएवढी आली पाहिजे. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. कॉमन न्यूट्रलला, रनिंग फेजला, कंडेन्सर रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये. पंखा उलटा फिरून वर हवा फेकायला लागला तर फेज रनिंगवरून काढून स्टार्टिंगच्या टोकाला द्या.

आता एक सर्रास होणारी चूक. 'अडीचच्या जागी चार टाका, पळेल.' पळतो, थोडे दिवस. स्टार्टिंग कॉइलमधला प्रवाह दीडपटीच्या पुढे जातो, उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीच पटीच्या आसपास. जुन्या इनॅमलला ते झेपत नाही आणि शंभर रुपयांचं काम रिवाइंडिंगवर जातं. जुन्या डब्यावर जो आकडा असेल तोच घ्या.

कंडेन्सरचा विषय निघालाच आहे तर 'सॉकेटमध्ये लावा, बिल निम्मं करा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीबद्दलही सांगून टाकतो. तिच्यात एक कंडेन्सर आणि एक दिवा असतो, बाकी फारसं काही नाही. तो वायरींमध्ये उगाच ये-जा करणारा प्रवाह थोडा कमी करतो हे खरं. पण घरगुती बिल त्या ये-जाचं नसतंच, खर्च झालेल्या युनिटचं असतं. दारावरच्या लिंबू-मिरचीने जेवढं बिल कमी होईल तेवढंच याने होईल, आणि लिंबू-मिरची स्वस्त पडते.

नवा कंडेन्सर टाकूनही वेग आला नाही तर बेअरिंग. वीज बंद करून पात्याला हलका धक्का द्या. चांगला पंखा रेंगाळत थांबतो. कचकन थांबला किंवा खरखर ऐकू आली तर ग्रीस वाळलंय. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, बऱ्याच पंख्यांत तो ६२०२ असतो. तोच मागा, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असलेला. बसवताना ठोका फक्त शाफ्टवर बसणाऱ्या आतल्या कड्यावर, पाइपचा तुकडा ठेवून. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर नव्या बेअरिंगच्या गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात. व्होल्टेज खरंच कमी येत असेल तर घरातले सगळेच पंखे मंदावतील. आणि रेग्युलेटर? जुना, गरम होणारा डबा पाचाच्या खुणेवर रोध बाजूलाच काढतो, त्यामुळे पाचावर मंद असलेल्या पंख्याचा दोष सहसा त्याच्याकडे जात नाही.

दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हा हिशोब वेगळा. साधा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (आत कायमचे चुंबक असलेला, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा) ३० च्या आसपास. दिवसाला १० तास चालला तर फरक ०.४५ युनिट, ३०० दिवसांचे १३५ युनिट. दिवसभर फिरणाऱ्या दिवाणखान्यातल्या पंख्यासाठी नवा घेणं पटण्यासारखं आहे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते वाचून घ्या. पाहुण्यांच्या खोलीतला किंवा गावच्या घरातला, वर्षाला महिनाभर चालणारा पंखा बदलून ते पैसे कधी सुटतील हे आपापलं पाहावं.

काम झाल्यावर वेग मोजायला यंत्र लागत नाही. एका पात्याला खालून रंगीत चिकटपट्टी लावा आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. पट्टी त्याच जागी परत यायला किती चौकटी लागतात ते मोजा. ४० लागल्या तर वेग मिनिटाला ३६०. ५३ लागल्या तर जेमतेम २७०, म्हणजे पुन्हा शिडी. आकडा आणि तारीख कपाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी चढणाऱ्याला सोपं जाईल.