पार्श्वभूमी : ‘मंडळीचा इतिहास’ नक्की कोणाचा?

बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदवीच्या अभ्यासक्रमात भारतातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास हा विषय असतो. जुने पाळक (प्रोटेस्टंट धर्मगुरू) त्याला अजूनही ‘मंडळीचा इतिहास’ म्हणतात. ऐकणाऱ्याला ही एकाच विषयाची जुनी-नवी नावं वाटतात. पण या दोन नावांच्या मधे पन्नास वर्षांचा वाद पडलेला आहे : इतिहास मिशनरी आणि संस्था यांचा लिहायचा, की बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांचा? तो अजून मिटलेला नाही.

आधी शब्दाबद्दल, कारण सगळा गुंता तिथेच आहे. मराठी प्रोटेस्टंट घरात ‘मंडळी’ म्हणजे रविवारी उपासनेला जमणारी माणसं. ‘मंडळी’ म्हणजे पाळक, पंच, वर्गणी आणि मालमत्ता असलेली संस्थाही. आणि ‘मंडळी’ म्हणजे जगभरचा, सगळ्या काळांतला विश्वासणाऱ्यांचा समुदायही. वसईतला कॅथलिक या तिसऱ्या अर्थासाठी ‘ख्रिस्तसभा’ म्हणेल. बोलताना कोणाचा घोटाळा होत नाही. इतिहास लिहायला बसलं की होतो. पाठ्यपुस्तकांनी बहुतेक वेळा दुसरा अर्थ उचलला, म्हणजे संस्था. मिशनचं ठाणं कधी उघडलं, बंगला कोणी बांधला, दीक्षा मिळालेला पहिला पाळक कोण, वर्षअखेर बाप्तिस्म्यांचा आकडा किती. रविवारी सतरंजीवर बसणारी माणसं त्या पुस्तकांत फक्त आकड्यापुरती येतात.

हे वळण कुठून आलं? सेंट थॉमस भारतात आल्याची परंपरा, गोव्यातलं १५६० ते १८१२ पर्यंतचं इन्क्विझिशन (धर्मन्यायालय), १५९९ची केरळातल्या उदयंपेरूरची धर्मसभा हे सर्वांच्या वाचनातलं आहे, त्यात शिरत नाही. महाविद्यालयीन विषय म्हणून गोष्ट सुरू होते ती बंगालमधल्या सेरामपूरला (नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर वेगळं). तिथलं महाविद्यालय १८१८चं. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदवी देण्याचा अधिकार दिला, पण ईशज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) पहिल्या पदव्या प्रत्यक्ष दिल्या गेल्या १९१५ मध्ये. ही पदवी पुढे देशभरातल्या सेमिनऱ्यांनी (पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयांनी) घेतली, आणि तिच्याबरोबर युरोपातल्या अभ्यासक्रमाचा साचाही आला : आद्य मंडळी, मध्ययुग, धर्मसुधारणा, मिशनांचा विस्तार. भारत त्या शेवटच्या ‘विस्तारात’. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला मुलगा आपल्या आज्याला भेटायचा तो बॉस्टनहून निघालेल्या मिशनऱ्यांच्या जहाजाच्या गोष्टीत, आणि तोही शेवटच्या पानांवर.

कला महाविद्यालयांत चित्र वेगळं होतं. १८५७ला मुंबई विद्यापीठ झालं आणि ख्रिस्ती संस्थांची महाविद्यालयं त्याला संलग्न होत गेली. इतिहासाचा पेपर विद्यापीठाचा, बायबलचा तास महाविद्यालयाचा, आणि दोघांची गाठ क्वचितच पडायची. मुंबईत १८६९ साली स्थापन झालेल्या एका महाविद्यालयात १९२६ मध्ये एका स्पॅनिश जेझुइट (येशूसंघी कॅथलिक धर्मगुरू) प्राध्यापकाने इतिहास संशोधनाची संस्था काढली. त्याने स्वतः ग्रंथ लिहिला तो विजयनगरच्या अरविडू घराण्यावर, आणि पुढे सिंधू संस्कृतीकडे वळला. धर्मगुरू असलेल्या इतिहासकाराने मंडळीचा इतिहास लिहिण्याऐवजी देशाचा इतिहास लिहावा, ही त्या काळातली ख्रिस्ती दृष्टीच होती, असं माझं मत आहे. सेमिनऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र पाहणं भाग पडलं. ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करण्यासाठी मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली एक समिती नेमली. नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होतं. १९५६च्या अहवालाने परदेशी पैसा आणि धर्मांतरं यांवर बोट ठेवलं. त्याच्या निष्कर्षांवर काय म्हणायचं ते म्हणा, पण समितीसमोर मांडायला ख्रिस्ती लोकांकडे स्वतःचा इतिहास नव्हता, होते ते मिशनांचे वार्षिक अहवाल. मिशनऱ्यांनी देणगीदारांसाठी लिहिलेले हे अहवाल तेव्हा उलटे फिरले. ज्या आकड्यांचा अभिमान बाळगला होता, तेच आरोपपत्र झाले.

पुढच्या दोन दशकांत पंथांमधल्या भिंतीही कमी झाल्या. कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या १९६२ ते १९६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अभ्यासक एका टेबलाशी बसू लागले. १९७०च्या नोव्हेंबरात नागपुरातच उत्तर भारतातल्या सहा प्रोटेस्टंट पंथांचं एकीकरण झालं. ज्याचा-त्याचा पंथीय इतिहास आता अपुरा पडत होता.

या पार्श्वभूमीवर १९७०च्या दशकात, बंगळूरला, इतिहास-अभ्यासकांच्या एका संघटनेने एक निर्णय घेतला. भारतातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास अनेक खंडांत नव्याने लिहायचा आणि चार गोष्टी पाळायच्या : इतिहास सामाजिक-सांस्कृतिक असेल, प्रदेश हा अभ्यासाचा मूळ घटक असेल, चौकट राष्ट्रीय असेल आणि दृष्टी सर्व पंथांना धरून असेल. कागदावर चार सरळ कलमं. त्यांतल्या पहिल्या कलमाने वर्गातली सगळी बाकं हलली. ख्रिस्ती लोकांचा इतिहास हा भारतीय लोकांच्या इतिहासाचाच भाग आहे, असं त्यात गृहीत धरलं होतं. म्हणजे केंद्रस्थानी मिशनरीही नाही आणि संस्थाही नाही, तर बाप्तिस्मा घेतलेला माणूस, त्याची जात, त्याचं गाव आणि त्याच्या गावकीतल्या जागेत पडलेला फरक.

नगर जिल्ह्याचंच बघा. १८७६ ते १८७८च्या दुष्काळानंतर तिथे महार आणि मांग समाजातून बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली. जुना मंडळीचा इतिहास याला ‘पीक’ म्हणतो, म्हणजे मिशनच्या कामाला आलेलं फळ. टीकाकार म्हणतात, पोटासाठी बाटले. दोघांचीही नजर देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. नव्या पद्धतीत विद्यार्थ्याला बाप्तिस्म्याची नोंदवही उघडावी लागते. मी हाताळलेल्या एका वहीत रकाने साधे होते : तारीख, नाव, आईबाप, गाव, धंदा, पाळकाची सही. शाई तपकिरी झालेली, कडा कसरीने खाल्लेल्या. एकाच तारखेखाली एकाच गावच्या नोंदी ओळीने लागलेल्या. म्हातारी, तिचे मुलगे, सुना, अंगावरचं मूल. नावं बदललेली नव्हती. त्या ओळींवर बोट ठेवलं की कळतं, हा एकेकट्याचा निर्णय नव्हता, आळीत बसून घेतलेला होता. मग प्रश्न सुचतात. आळीतली काही घरं का आली नाहीत? सोयरिकी कुठे करायच्या? धंद्याच्या रकान्यात पुढच्या पिढीत ‘मास्तर’ कधी दिसू लागतं? १८४२पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंक या वह्यांशेजारी ठेवले की उत्तरं मिळायला लागतात.

आक्षेप घेणारे गप्प बसले नाहीत, आणि त्यांचा आक्षेप हलका नाही. त्यांचं म्हणणं असं : जात, दुष्काळ, शाळा, जमीन यांनी सगळं समजावून सांगता येत असेल, तर देवाचा हात कुठे राहिला? मग सेमिनरी आणि विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग यांत फरक काय? पाळक होऊ घातलेल्या मुलाच्या तोंडून हा प्रश्न आला की त्याला उडवून लावता येत नाही, कारण तो स्वतः ज्या साक्षीवर उभा आहे तिच्याबद्दल विचारत असतो. माझ्यापुरतं उत्तर इतकंच की कार्यकारणाच्या जागी देवाचं नाव लिहिणं म्हणजे ख्रिस्ती इतिहास नव्हे. दुष्काळात एका गावाला भाकरी मिळाली आणि दुसऱ्याला नाही, यामागे देवाची योजना दाखवायला जाल, तर उपाशी मेलेल्यांचा हिशेब द्यावा लागतो. ज्या म्हातारीचं नाव गावच्या दुसऱ्या कुठल्याच दप्तरात नाही, तिला नावानिशी इतिहासात बसवणं हे मला अधिक ख्रिस्ती वाटतं. पण हे माझं झालं. अनेक सेमिनऱ्यांत आजही दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी शिकवल्या जातात, कधी एकाच शिक्षकाकडून.

खंड सावकाश आले. १७०० पर्यंतचा दुसरा खंड १९८२ला, पहिला १९८४ला, अठराव्या शतकाचा तिसरा १९९७ला. तिन्ही कॅथलिक धर्मगुरूंनी लिहिले, ही त्या सर्वपंथीय कलमाची सर्वांत ठळक खूण. मधल्या काळात, १९९० आणि १९९२ला, तमिळनाडू आणि ईशान्य भारत यांचे भाग निघाले. दलित ख्रिस्ती इतिहास हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून उभा राहिला तोही याच सुमारास.

याला एक कायदेशीर धागाही आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. परिणाम थेट कागदांवर झाला. शाळेच्या दाखल्यावर एक धर्म, मंडळीच्या वहीत दुसरा, अशी घरं गावोगाव आहेत. त्यामुळे १८७८ची वही मोकळेपणाने दाखवणारा पाळक १९७८ची वही दाखवताना कचरतो, आणि त्याचं कचरणं रास्त आहे. विद्यार्थ्यांना मी आता जुन्या वह्यांचे फोटो काढायला सांगतो, नव्यांचे नाही. नव्या काळासाठी आज्यांकडे जाऊन बसावं लागतं. त्या बोलतात, फक्त आधी विचारतात, हे कुठे छापणार तर नाही ना.