मोडेमवरचा कचरा म्हणजे शेजाऱ्याचा डेटा नव्हे

पुण्यात डायल-अपच्या काळातले, म्हणजे फोनच्या लाईनीवरून मोडेम नावाच्या यंत्राने कॉम्प्युटर जोडायच्या काळातले लोक अजूनही ठासून सांगतात की स्क्रीनवर मधेच कचरा (भलतीसलती अक्षरं) यायचा तो क्रॉस कनेक्शनमुळे, म्हणजे पेठेतल्याच दुसऱ्या कुणाचा तरी डेटा आपल्या लाईनीत घुसायचा. बोलताना क्रॉस कनेक्शन लागायचं हे खरंच, पण मोडेमचं तसं नाही हो. तुमचा मोडेम समोरच्या एकाच मोडेमच्या कॅरिअरला, म्हणजे त्याच्या सततच्या सुराला, धरून असतो, बाकी जे काही ऐकू येईल, मग ती खरखर असो, पावसात भिजलेला केबलचा जॉइंट असो की कुणी उचललेला पॅरलल फोन, सगळं त्याच्यासाठी नुसता नॉइज, आणि तो बिचारा त्यातूनही शून्य आणि एकच शोधत बसतो.

आता गंमत बघा, कॉम्प्युटरमधे प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, कॅपिटल ए चा कोड ६५. नॉइजमुळे त्यातला ३२ किमतीचा एक बिट (शून्य किंवा एक) उलटला की ९७, म्हणजे स्मॉल ए, ते तर लक्षातही येत नाही. पण १२८ वाला उलटला की १९३, आणि आयबीएम पीसीच्या जुन्या कॅरेक्टर सेटमधे ते चौकटी काढायचं रेघांचं चिन्ह! कचऱ्यात त्या रेघा दिसायच्या त्या अशा. सेकंदाला २४०० बिट पाठवणाऱ्या मोडेमवर तर एका सिग्नलमधे ४ बिट जायचे, म्हणून घोटाळा पण घोळक्यानेच व्हायचा.

पुढे व्ही.४२ हे मोडेमच्या चुका सुधारायचं मानक आलं (१९८८), चुकलेला तुकडा मोडेम स्वतःच परत मागवायला लागले, मग कचरा गेला आणि त्याच खराब लाईनीवर स्पीड रडायला लागला.