पार्श्वभूमी : लग्नघरातला चौक आणि शाळेचा चित्रकलेचा तास

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या पट्ट्यातल्या शाळांत चित्रकलेचा तास म्हटला की दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढायचा, हे आता ठरून गेले आहे. राज्यभरातल्या शाळांच्या आवारभिंतीही अशाच माणसांनी भरल्या आहेत. वारली चित्र शाळेत आले, यात शंका नाही. मात्र येताना सोबत काय आले आणि काय दाराबाहेर राहिले, यावरून मतभेद आहेत. त्यांची मुळे फार जुन्या काळात नाहीत, मागच्या पन्नासेक वर्षांतच सापडतात.

त्याआधीचे थोडक्यात. चित्र हे लग्नाच्या विधीचा भाग होते. कुडाच्या भिंतीवर शेणा-गेरूचा हात फिरवून सवासिनी चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहीत, मध्ये पालघाट देवी, वर सूर्य-चंद्र, आत फणी आणि शिडी. धवलेरी, म्हणजे लग्नाचा विधी चालवणारी बाई, गाणी म्हणे. मुली शेजारी बसून पाहत शिकत. शाळेच्या बाजूने पाहिले, तर गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेने हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणला आणि १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, परिसरातल्या वस्तूंवर आधारलेल्या बालवाडीचे व गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळेचे प्रयोग झाले. सरकारी शाळेची चित्रकला मात्र ग्रेड परीक्षांच्या साच्यातच राहिली: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या पाड्यांवर कागद आला आणि सगळे बदलले. कागदावरची चित्रे पुरुषच काढू लागले. गंजाडच्या एका चित्रकाराला १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. या मान्यतेमुळेच वारली चित्र शाळांपर्यंत पोहोचले, हे मान्य करायलाच हवे. पण शाळेने उचलले ते कागदावरचे चित्र: नाच, शेती, शिकार, मासेमारी. बायकांचा चौक आणि तो लिहिण्याचा त्यांचा अधिकार यांचा अभ्यासक्रमात कुठे पत्ताच नाही.

चौक वर्गात काढून घ्यावा का, हा यातला सर्वांत अवघड निर्णय. काही शिक्षक म्हणतात, मूळ रूप तेच आहे, मग ते वगळून वारली कला शिकवल्याचे कसे म्हणायचे? गावातल्या जाणत्या बायकांचा आक्षेप वेगळा आहे. चौक लग्नासाठी असतो, तो कोणी लिहायचा हे ठरलेले असते, आणि तासाची घंटा झाली म्हणून तो अर्धा सोडता येत नाही. वर्गात नेमके तेच होते. ३५ मिनिटांत चौकट जेमतेम पुरी होते, पालघाट राहून जाते आणि पुढच्या आठवड्यात वही नवे पान उघडते. काही ठिकाणी चौकाची किनार तेवढी उचलून संकल्पचित्रात नक्षी म्हणून वापरतात, ते तर आणखी वाईट. आमच्या मते चौक सराव म्हणून देऊच नये. तो पाहायला लग्नघरी न्यावे, घरच्यांना आधी विचारून, आणि त्याबद्दल धवलेरीने सांगावे. नाच आणि शेतीची चित्रे वर्गात खुशाल काढावीत. त्यांना असे बंधन नाही.

साहित्याकडेही शाळेत दुर्लक्ष होते. पोस्टर रंगाची बाटली आणि नायलॉनचा ब्रश आणून दिला की काम झाले, अशी समजूत आहे. तांदळाचे पीठ वापरले तर मुलांना रेषेवर ताबा ठेवावा लागतो, तोच खरा धडा. तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखा बारीक वाटायचा, कागदावर काढायचे असेल तर थोडा डिंक घालायचा. ब्रशऐवजी बांबूच्या काडीचे टोक चावून तंतू मोकळे करायचे. ओली रेषा फिकी, जवळजवळ न दिसणारी असते, वाळल्यावर पांढरी उठते. मुलांना हे आधी सांगितले नाही तर ती तीन-तीनदा गिरवतात, थर जाड होतो आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतात. पीठ सकाळचे सकाळीच संपवावे, उकाड्यात ते आंबते. सिमेंटच्या रंगवलेल्या भिंतीवर ते धरत नाही. आधी शेण-मातीचा लेप द्यावा लागतो, नाहीतर सरळ कापडावर काढावे.

शिकवणार कोण, हा प्रश्न २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सोडवला असे वाटते, पण तसे झाले नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांत पटसंख्या १०० च्या वर असेल तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) मिळतो. पाड्यावरच्या शाळेत या तीन वर्गांत १०० मुले सहसा नसतातच. म्हणजे जिथे कला घराघरात आहे, नेमक्या तिथल्याच शाळा या तरतुदीतून सुटतात. जिथे निदेशकाचे पद मिळते, तिथे पदविका मागतात, आणि ती धवलेरीकडे नसते. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो व्यापारात नाव कोणी वापरायचे याबद्दल आहे, वर्गात चित्र काढायला परवानगी लागत नाही. तरीही काही मुख्याध्यापक त्याच्याकडे बोट दाखवून उपक्रम टाळतात.

चित्राला निदान वही मिळाली, तारप्याला तेवढेही नाही. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, मेणाने बुजवलेले सांधे, असे हे वाद्य भात पिकते त्या दिवसांत वाजते. नाचणारे एकमेकांना धरून वादकाभोवती फिरतात आणि त्याला पाठ दाखवत नाहीत. स्नेहसंमेलनात हेच नाचणारे प्रेक्षकांकडे तोंड करून एका रांगेत उभे केले जातात, वादक माइकपाशी कोपऱ्यात. वारली चित्रातले नाचणाऱ्यांचे वेटोळे कुठून येते, हे मग मुलांना कळणार कसे?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवसांची सोय आहे आणि स्थानिक कारागिरांकडे शिकायला जाण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचा उपयोग करायचा तर तारखा नीट धराव्यात. जुलैत सगळे गाव आवणीला, म्हणजे भाताची रोपे लावायला, गेलेले असते. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही. उरतात ते भात पिकल्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंतचे दोन-तीन आठवडे. त्यातही कापणी सुरू झाली की दिवसा कोणी मोकळे नसते, म्हणून तारपेकऱ्याला संध्याकाळी बोलवावे आणि मानधन त्याच दिवशी हातात द्यावे.