भूगर्भातील सूक्ष्मजीव आणि भूजलातील आर्सेनिक

गाळाच्या कणांना चिकटून बसलेले आर्सेनिक जमिनीखालील जीवाणूंच्या श्वसनामुळे सुटून भूजलात उतरते. परिस्थिती बदलली तर जीवाणूंच्याच क्रियांनी ते पुन्हा घन रूपात बांधलेही जाते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे बांगलादेश व पश्चिम बंगालमध्ये, आर्सेनिक पाण्यात येण्याचे हेच मुख्य कारण मानले जाते. तेथील आर्सेनिक कारखान्यांतून आलेले नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाबरोबर ते हजारो वर्षांपूर्वीच तेथे पोचले आहे. म्हणून त्या गाळातील आर्सेनिकचे प्रमाण फारसे नसतानाही पाणी विषारी होऊ शकते. प्रश्न आर्सेनिक किती आहे एवढाच नसून ते सुटते कशाने, हा आहे.

पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकबाधेचे पहिले रुग्ण 1983 मध्ये कोलकात्यात ओळखले गेले. बांगलादेशातील कूपनलिकांची पाहणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 150 मी.पेक्षा उथळ असलेल्या सुमारे 27 टक्के नलिकांत लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 10 मायक्रोग्रॅम आहे.

सुटण्याची क्रिया : गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडांचा, म्हणजे गंजाचाच, पातळ लेप असतो आणि आर्सेनिक या लेपाला धरून राहते. गाळात सेंद्रिय पदार्थ कुजू लागले की जीवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट आणि मँगनीज. त्यानंतर लोहाची पाळी येते. जिओबॅक्टरसारखे जीवाणू ऑक्सिजनऐवजी गंजातील लोहाला इलेक्ट्रॉन देऊन श्वसन करतात. ॲसिटेट या साध्या सेंद्रिय संयुगाच्या एका रेणूचे पूर्ण ऑक्सिडीभवन झाले की लोहाचे आठ अणू फेरिकचे (न विरघळणारे रूप) फेरस (विरघळणारे रूप) होतात. लेप विरघळतो, फेरस लोह व बायकार्बोनेट पाण्यात येतात आणि लेपाला धरलेले आर्सेनिक मोकळे होते. बंगालच्या दूषित पाण्यात लोह आणि बायकार्बोनेट बहुधा जास्त असतात, ते यामुळेच.

पण लोह विरघळताच आर्सेनिक वाढतेच असे नाही. पश्चिम बंगालच्या नादिया जिल्ह्यातील गाळावर मँचेस्टर विद्यापीठात झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ॲसिटेट घातल्यावर लोहाचे क्षपण (इलेक्ट्रॉन मिळून फेरिकचे फेरस होणे) आधी झाले. आर्सेनिक मोठ्या प्रमाणात सुटले ते त्यानंतर. याचा अर्थ दुसरी पायरीही महत्त्वाची आहे. काही जीवाणू आर्सेनेटवरच (आर्सेनिकचे ऑक्सिडीभूत रूप) श्वसन करतात व त्याचे आर्सेनाइट (क्षपित रूप) करतात. त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) एआरआर जनुकसमूहातून बनते. जिओबॅक्टरच्या सर्व जातींना हे जमत नाही. याहून वेगळी, एआरएस ही जनुके फक्त पेशीतील विष बाहेर टाकण्यासाठी असतात. ती नुसती सापडली म्हणून जीवाणू आर्सेनेटवर जगतो असा निष्कर्ष काढणे चूक आहे. आर्सेनाइट अधिक विषारी असते. उदासीन पाण्यात त्यावर विद्युतभार नसल्याने बऱ्याच गाळण माध्यमांना ते नीट चिकटत नाही.

सेंद्रिय कार्बन येतो कुठून? कोणी पुरलेल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थरांकडे बोट दाखवतात, तर कोणी तळी आणि शेतांतून पंपाच्या उपशामुळे खाली ओढल्या जाणाऱ्या ताज्या कार्बनाकडे. बांगलादेशातील मुन्शीगंज येथील अभ्यासापासून (2002) सुरू असलेला हा वाद व्यवहारासाठी महत्त्वाचा आहे. दुसरे कारण खरे असेल, तर आजची सुरक्षित नलिका उद्या बाधित होऊ शकते. बोअर खणणारे करड्या वाळूपेक्षा पिवळट-तांबूस वाळू पसंत करतात. ही खूण उपयोगी आहे, कारण तांबूस रंग गंजाचा लेप शाबूत असल्याचे दाखवतो. पण तिला चाचणीचा पर्याय मानू नये.

बांधले जाण्याची क्रिया : सल्फेट असेल तर सल्फेट-क्षपक जीवाणू सल्फाइड बनवतात आणि आर्सेनिक लोह सल्फाइडांत किंवा हरताळ-मनशिळेसारख्या आर्सेनिकच्या सल्फाइड खनिजांत अडकते. बंगालच्या भूजलात सल्फेट कमी असल्याने हा सापळा दुबळा पडतो. सल्फाइड फार वाढले तर मात्र विद्राव्य थायोआर्सेनिक (गंधक व आर्सेनिक असलेली) संयुगे बनून परिणाम उलटा होतो. नायट्रेट वापरणारे जीवाणू फेरस लोहाचा पुन्हा गंज करतात व त्यावर आर्सेनिक बसते. आर्सेनाइटचे आर्सेनेट करणारे जीवाणूही आहेत. हवा दिलेल्या वाळूच्या गाळण्यांत ते कामी येतात.

नमुना घेणे : नळीत साचलेले पाणी आधी उपसून काढावे. नमुना जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळावा आणि आम्ल घालून सामू (पीएच) 2 च्या खाली आणावा. हे राहून गेले तर हवेने लोहाचा गंज होतो, तो आर्सेनिकला बरोबर घेऊन बाटलीच्या तळाशी बसतो आणि प्रयोगशाळेचा आकडा फसवा कमी येतो. सूक्ष्मजीवांसाठी नमुना वेगळा घ्यावा, आम्ल न घालता. गाळाचा गाभा (जमिनीतून काढलेला अखंड नमुना) नायट्रोजनमध्ये बंद करून थंड ठेवावा. हवा लागली की लोह आणि आर्सेनिक या दोन्हींच्या अवस्था बदलतात. बाटल्यांतील प्रयोगात निर्जंतुक केलेला गाळ तुलनेसाठी ठेवलाच पाहिजे, नाहीतर सुटलेले आर्सेनिक जीवाणूंमुळे की निव्वळ रसायनाने, हे ठरत नाही.

पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही; वाफ गेल्याने त्याची तीव्रता उलट थोडी वाढते. क्लोरीन आर्सेनाइटचे आर्सेनेट करते, पण पुढे लोहयुक्त गाळणी नसेल तर आर्सेनिक पाण्यातच राहते. फॉस्फेट आणि सिलिकेट जास्त असल्यास तीच गाळणी लवकर निकामी होते, कारण तेही लोहावरील त्याच जागा व्यापतात.