ताप आलाच नाही, मग विषाणू कसला?

मावशीचं निदान झालं त्या दिवशी मिरजेत डॉक्टरांच्या केबिनमध्ये ती, काका आणि मी असे तिघं बसलो होतो. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर परत अंगावरून जायला लागलं, ते तिने तीन महिने कुणाला सांगितलंच नाही. डॉक्टर म्हणाले पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे आणि हा एका विषाणूमुळे होतो. काकांची तासगावकडे द्राक्षबाग, रोग म्हटलं की त्यांना पानावर दिसणारी डावणी नाहीतर भुरी आठवते. ते लगेच म्हणाले, "डॉक्टर, हिला दहा वर्षांत साधा तापपण आला नाय, मग विषाणू कसला?"

बाहेर पेशंटची रांग होती, त्यामुळे डॉक्टरांनी दोन वाक्यात उत्तर दिलं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण या विषाणूची सगळी गोष्टच त्यात आहे.

सुरुवात चामखिळीपासून करावी लागते. आमच्या कालवडीच्या मानेवर आणि कासेजवळ एकदा चामखिळी आल्या होत्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या खरबरीत. आजीने घोड्याच्या शेपटीचा केस बांधला, शेजारच्यांनी अजून काही लावायला सांगितलं, शेवटी पाच-सहा महिन्यांनी बांधलेल्या पण आणि न बांधलेल्या पण सगळ्याच गळून पडल्या. त्या चामखिळी याच खानदानाच्या विषाणूच्या, पॅपिलोमाव्हायरसच्या. गाईचा वेगळा, माणसाचा वेगळा, गाईचा आपल्याला लागत नाही. माणसाला होणारे एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमाव्हायरस, डॉक्टर म्हणाले तो विषाणू यातलाच) दोनशेच्या वर प्रकारचे आहेत, बहुतेक निरुपद्रवी.

चामखीळ आणि कॅन्सर यांचा संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात यायला खूप वर्षं गेली. १८४२ साली इटलीत रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरने वेरोना शहराच्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या तर त्याला दिसलं की पिशवीच्या कॅन्सरने लग्न झालेल्या बायका जास्त जातात, नन्स कमी. मग १९३३ ला अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी शिंगासारख्या गाठी आलेल्या रानसशांच्या गाठी कुटून, बारीक फिल्टरमधून गाळून, तो अर्क दुसऱ्या सशांच्या खरवडलेल्या कातडीला चोळला तर तिथेही गाठी आल्या, आणि पुढे पेटन राउस यांनी दाखवलं की त्यातल्या काही गाठींचा कॅन्सर होतो. तरी माणसाच्या बाबतीत सत्तरच्या दशकापर्यंत सगळ्यांचा संशय हर्पीसच्या, म्हणजे अंगावर पाणीदार फोड आणणाऱ्या विषाणूवर. जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउझेन एकटे पडले तरी म्हणत राहिले की हर्पीस नाही, एचपीव्ही बघा. १९८३ ला त्यांच्या टीमला कॅन्सरच्या गाठींत १६ नंबरचा प्रकार सापडला आणि १९८४ ला १८ नंबरचा. या दोघांमुळे जगातले साधारण ७० टक्के केसेस होतात. २००८ ला त्यांना नोबेल मिळालं.

आता हा विषाणू करतो काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. याची जनुकीय माहिती सगळी मिळून फक्त आठ हजार अक्षरांच्या आसपास, म्हणजे स्वतःच्या नकला काढायचं यंत्रसुद्धा त्याच्याकडे पूर्ण नाही, ते पेशीचंच वापरावं लागतं. बारीक खरचटलेल्या जागेतून तो कातडीच्या सगळ्यात खालच्या थरात शिरतो. खालच्या पेशी वाढत वाढत वर सरकतात आणि वर जाताना वाढ बंद करून मरायला लागतात, म्हणजे नकला काढायचं यंत्र बंद. पण विषाणूला नकला काढायच्या असतात वरच्याच थरात. मग तो ई७ नावाचं प्रोटीन सोडतो. पेशीत आरबी नावाचं एक प्रोटीन ब्रेक दाबून बसलेलं असतं, ई७ त्यालाच जाऊन चिकटतं (हे १९८९ ला कळलं), ब्रेक सुटतो, पेशी परत वाढायला लागते. पण अशी अवेळी वाढ सुरू झाली की पी५३ नावाचा दुसरा राखणदार जागा होतो आणि पेशीला थांब नाहीतर मर म्हणून सांगतो. त्याच्यासाठी विषाणूकडे ई६ आहे. ई६ त्याला स्वतः मारत नाही, तर पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून पी५३ वर कचऱ्याची खूण लावायला लावतं, मग पेशीच आपला राखणदार तोडून टाकते. वर ई६ टेलोमरेज नावाचं, पेशीला म्हातारं होऊ न देणारं एन्झाइम पण चालू करतं, त्यामुळे पेशीला वयच राहत नाही.

विषाणूला कॅन्सर नकोच असतो, त्यात त्याचा काही फायदा नाही. एरवी ई६ आणि ई७ ला ई२ नावाचं त्याचंच प्रोटीन आवरून धरतं. पण कधीकधी विषाणूचा डीएनए तुटून आपल्या डीएनएत घुसतो, बऱ्याचदा तुटतो तो नेमका ई२ पाशी, आणि मग ई६-ई७ ला लगाम राहत नाही. राखणदार नसलेल्या पेशीत चुका साठत जातात, वर्षानुवर्षं. १९५१ ला बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स नावाची ३१ वर्षांची बाई याच कॅन्सरने गेली, तिच्या गाठीतल्या हेला पेशी अजून प्रयोगशाळांत वाढतायत, त्यांच्यात १८ नंबर आहे. त्या पेशींत बाहेरून ई२ घातलं की त्या वाढायच्या थांबतात. आरबी आणि पी५३ ची जनुकं तिथे धड आहेत, त्यांची प्रोटीनं नुसती दाबून ठेवलेली. मला हे वाचून फार वेळ काही सुचलं नाही.

आणि काकांचा ताप? ताप हा आपल्याच शरीराने केलेला आरडाओरडा असतो आणि हा विषाणू तो होऊच देत नाही. रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, वरच्या मेलेल्या पेशींबरोबर झडून बाहेर पडतो. त्यातूनही पेशीने बोंब मारायची म्हटलं तर ई६ आणि ई७ मिळून इंटरफेरॉनचा, म्हणजे आजूबाजूच्या पेशींना सावध करणारा इशारा दाबतात. पेशी आपल्या आतल्या प्रोटीनचे तुकडे बाहेर दारात मांडून टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींना दाखवत असतात, तर विषाणूचंच ई५ नावाचं प्रोटीन ती मांडणीच आत अडकवून ठेवतं. तरी दहातल्या नऊ जणींचं शरीर साधारण दोन वर्षांत त्याला शोधून काढतंच, कालवडीच्या चामखिळी गळाल्या तशा. राहतो तो थोड्यांच्यात, आणि तिथे दहा-पंधरा वर्षं गुपचूप.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळलं की गावात लगेच कुजबुज सुरू होते म्हणून स्पष्ट लिहितो, बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, एकाच जोडीदारासोबत राहिलेल्या बाईलाही होतो. मावशीकडे कुणी बोट दाखवलेलं मी ऐकून घेणार नाही.

लस २००६ पासून आहे, आणि पुण्यात बनलेली सर्व्हाव्हॅक २०२३ ला बाजारात आली, ती लहान वयात घ्यायची. मोठ्या बायकांसाठी एचपीव्ही टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडाशी हा विषाणू आहे का ते बघणारी, आणि तिचा मोठा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाच्या वर बायकांचा अभ्यास केला, २००९ ला तो छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, आणि जवळपास तेवढ्याच बायकांच्या, खास तपासणी न झालेल्या गटात ६४.

मावशीचं रेडिएशन संपलंय. मागच्या महिन्यात काका स्वतः दोन्ही सुनांना गाडीत घालून मिरजेला घेऊन गेले. धाकटीच्या टेस्टमध्ये विषाणू सापडला, दुर्बिणीतून बघितलं तर पेशी अजून बदललेल्या नाहीत, वर्षाने परत बोलावलंय. काकांनी ती तारीख बागेच्या फवारणीच्या वहीत लिहून ठेवलीय.