मानसोपचारकांचा व्यावसायिक दायित्व विमा

स्वतंत्र व्यवसाय करणारे मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांच्या कामातील चुकीमुळे, हयगयीमुळे किंवा अनवधानामुळे आपले नुकसान झाले, असा दावा उपचार घेणाऱ्या व्यक्तीने किंवा तिच्या वारसांनी केल्यास त्या दाव्याची भरपाई आणि बचावाचा खर्च विमा कंपनीने उचलण्याचा करार म्हणजे व्यावसायिक दायित्व विमा. व्यवहारात त्याला ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ किंवा नुसतेच ‘इन्डेम्निटी’ म्हणतात. रुग्णालयात नोकरी करणाऱ्याच्या चुकीची जबाबदारी सहसा रुग्णालयावरही येते. स्वतःच्या खोलीत एकट्याने काम करणाऱ्यामागे अशी संस्था नसते, म्हणून या विम्याचे महत्त्व खाजगी व्यवसायात अधिक आहे.

व्यावसायिक निष्काळजीपणा मोजण्याची सर्वांत परिचित कसोटी मानसिक रुग्णालयातूनच आली, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. स्नायू शिथिल करणारे औषध न देता विद्युत्-आघात उपचार केल्यामुळे हाडे मोडलेल्या एका रुग्णाने इंग्लंडमध्ये दावा लावला. 1957 च्या त्या ‘बोलम’ खटल्यात असे ठरले की, त्या शाखेतील जाणत्या व्यावसायिकांच्या एखाद्या जबाबदार गटाला मान्य असलेल्या पद्धतीने वागणारा निष्काळजी ठरत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात हीच कसोटी स्वीकारली. त्याआधी 1995 मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणाच्या निकालाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली होती.

सध्याच्या ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील दोन तरतुदी मानसोपचारकाला थेट जाणवतात. एक म्हणजे जिल्हा, राज्य की राष्ट्रीय अशा कोणत्या ग्राहक आयोगाकडे जायचे, हे मागितलेल्या भरपाईवरून न ठरता दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. त्यामुळे हजार-दोन हजार रुपये शुल्काच्या सत्रांबाबतची तक्रार, मागणी कितीही लाखांची असली तरी, जिल्हा आयोगाकडेच जाते. दुसरी म्हणजे तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पुण्यात बसून नांदेडच्या व्यक्तीशी व्हिडिओ कॉलवर सत्रे घेणाऱ्या समुपदेशकाला त्यामुळे नांदेडच्या आयोगापुढे बाजू मांडावी लागू शकते. बोलण्यातून होणाऱ्या उपचारात नुकसान आणि त्याचे कारण सिद्ध करणे अवघड असल्याने शेवटी भरपाई द्यावी लागो वा न लागो, वकिलाचा खर्च मात्र चुकत नाही, आणि पॉलिसीचा खरा उपयोग बहुतेकदा तेथेच होतो.

वादाचे विषयही शल्यचिकित्सेपेक्षा वेगळे असतात. आत्महत्येची जोखीम ओळखण्यात कसूर, उपचार मध्येच तोडणे, कौटुंबिक न्यायालयातील वादासाठी एकाच जोडीदाराशी बोलून अहवाल देणे, नोंदी नीट न ठेवणे आणि गोपनीयतेचा भंग हे त्यांतील ठळक विषय होत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चे कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. मात्र इतर कोणाला हिंसेपासून वाचवण्यासाठी किंवा रुग्णाच्या जिवाचा धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती उघड करण्याची मुभाही ठेवते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये ‘टॅरासॉफ’ प्रकरणात धोक्यातील व्यक्तीचे रक्षण करणे हे उपचारकाचे कर्तव्यच मानले. भारतातील मुभा आणि तेथील कर्तव्य यांत अंतर आहे. तरीही न बोलल्याचा आणि बोलल्याचा, असे दोन्ही आरोप एकाच उपचारकावर होऊ शकतात.

या पॉलिसीचा गाभा तारखांत आहे. ती सामान्यतः ‘क्लेम्स-मेड’ स्वरूपाची असते, म्हणजे चूक कधी घडली यापेक्षा दावा कधी आला याला महत्त्व असते. अट एवढीच की, चूक पॉलिसीत लिहिलेल्या पूर्वलक्षी तारखेच्या नंतरची असावी. उपचार डिसेंबर 2023 मध्ये संपले आणि नोटीस मार्च 2025 मध्ये आली, तर मार्च 2025 मध्ये चालू असलेली पॉलिसी लागू होईल. मधल्या काळात नूतनीकरण चुकले असेल आणि नव्या पॉलिसीवर एप्रिल 2024 ही पूर्वलक्षी तारीख पडली असेल, तर आधीची सर्व वर्षे हप्ते भरूनही हाती काही लागत नाही. कंपनी बदलताना किंवा निवृत्त होताना हाच धोका असतो. ग्राहक तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असल्याने व्यवसाय थांबवल्यावरही काही काळ संरक्षण लागते.

विमा रकमेच्या दोन मर्यादा असतात, एक प्रत्येक घटनेसाठी आणि दुसरी संपूर्ण वर्षासाठी. बचावाचा खर्च बहुधा याच रकमेतून वजा होतो आणि त्यासाठी कंपनीची पूर्वसंमती लागते. तक्रारदाराशी परस्पर तडजोड केली किंवा चूक लेखी कबूल केली, तर कंपनी दावा नाकारू शकते. फौजदारी कृत्ये, दंड, नशेत केलेले काम व हेतुपुरस्सर गैरवर्तन वगळलेले असते. याच संदर्भात भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मधील भेद पाहण्याजोगा आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला कमाल दोन वर्षे, तर इतरांना कमाल पाच वर्षे कारावास आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असल्याने पहिल्या वर्गात बसतो. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक बसत नाहीत.

पात्रतेचा प्रश्नही याच भेदातून येतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी 1992 च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांच्या काही वर्गांना 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याने परिशिष्टात स्थान दिले. विम्याच्या प्रस्ताव अर्जात ‘समुपदेशक’ लिहून प्रत्यक्षात निदान करणाऱ्याने केलेला दावा कंपनी मान्य करीलच असे नाही. हेच कार्यक्षेत्राचे. परदेशातील मराठी कुटुंबे मातृभाषेत बोलता यावे म्हणून मुंबई-पुण्यातील उपचारकांकडे ऑनलाइन येतात, पण पॉलिसीचे न्यायक्षेत्र केवळ भारतापुरते असेल, तर न्यू जर्सीत लागलेला दावा तिच्याबाहेर राहतो, आणि तेथील रहिवाशाला उपचार देण्यासाठी त्या राज्याचा परवाना लागतो तो वेगळाच.